बिनखताचा वाफा

चौथी नळीही लाल झाली.

तिने ती खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, डोळे बारीक करून पाहिली. लाल ती लालच. मातीतले सूक्ष्मजीव जिवंत असले, त्यांची विकरं कामाला लागली, की नळीतलं बिनरंगी द्रावण लाल होतं. तीन वाफ्यांना सात वर्षं खत मिळालं होतं, ते लाल दाखवणारच. चौथ्याला मुद्दाम काहीच दिलेलं नव्हतं. खताने काय साधलं हे त्याच्याशी ताडूनच कळायचं होतं. आणि फरक काडीचा नव्हता.

दरवर्षी तो कमीच होत गेला होता. तिने आधी पावसाला दोष दिला, मग स्वतःच्या हाताला. उद्या संस्थेची समिती वाफे बघायला येणार होती. फरक दाखवता आला नाही, तर चारही वाफ्यांवर डांबर ओतून गाड्या लावायची जागा करायचं ठरलेलंच होतं.

आई डबा घेऊन आली. दोघींचं क्वार्टर वाफ्यांच्या पलीकडेच, त्यामुळे तिचा डबा कधी गार होत नसे.

"ही त्या कोपऱ्यातल्याची का गं?" आईने चौथ्या नळीकडे बोट केलं.

"हो."

"लाल म्हणजे जिवंत ना?" आईचा चेहरा उजळला. "वाटलंच मला! रोज संध्याकाळी बादलीभर घालते त्याला, घरचं कुजवलेलं."

लेकीच्या हातातली नळी तशीच राहिली. "आई, त्याला काही द्यायचं नाही, अशी पाटी आहे तिथे."

"वाचलीये मी. म्हणूनच तर. त्याने काय घोडं मारलंय? तिघांना पोटभर वाढायचं आणि चौथ्याला उपाशी ठेवायचं! तुला बघवतं तरी कसं?"

"कधीपासून घालतेस?"

"इथे राहायला आलो तेव्हापासून."

तिला ओरडावंसं वाटलं. सात वर्षं पाण्यात गेली होती, आणि समोर आई इतकी खूश उभी होती. डांबराचं तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"पण जगला ना गं तो?"

"जगला, आई."

"मग आजचं घालून येते, उजेड आहे तोवर."

आईने दाराबाहेर ठेवलेली बादली उचलली. ती काठोकाठ भरलेली होती, आईचा खांदा एका बाजूला कलला. लेकीने नळी खाली ठेवली आणि पुढे होऊन बादलीची कडी दुसऱ्या बाजूने धरली.