पटत नसेल तर

हॉस्पिटलमधल्या सलाइनच्या पंपाने औषध दहापट सोडलं आणि एका प्रोग्रामरची बायको गेली. आठवड्याने त्याने पंपाच्या कंपनीचं ऑफिस डोक्यावर घेतलं. "चूक माहीत होती तुम्हाला?"

"होती," तिथल्या इंजिनिअर बाई म्हणाल्या. "आम्ही वापरलेल्या एका फुकटच्या सॉफ्टवेअर टूलमध्ये होती. बनवणाऱ्याला तीनदा कळवलं. हे त्याचं उत्तर."

त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. 'फुकटचं खायचं आणि वर नावं ठेवायची? परवान्यात लिहिलंय, कसलीही हमी नाही. पटत नसेल तर वापरू नका.'

उत्तर त्याचं स्वतःचंच होतं. लिहून झाल्यावर त्याने ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि दोघंही पोट धरून हसली होती.

"बरी जिरवलीस," ती म्हणाली होती. "पाठवून टाक."