फळीवरचा पाना

पाकिस्तान होऊन दोनच वर्षं झाली होती. कराचीच्या हँगरमध्ये हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असे. एकही जागा रिकामी दिसली तर विमान उडायचं नाही, हा पोलंडहून परागंदा झालेल्या झिगमुंट साहेबांचा नियम.

"स्वतःचा देश राखता आला नाही, निघालेत आमचे पाने राखायला," मी त्यांच्यादेखत उर्दूत म्हणायचो. सगळे मेकॅनिक हसायचे. साहेब मान खाली घालून काम करत राहायचे.

एकदा माझा पाना सापडेना. मी बाजारातून तसलाच आणून गुपचूप टांगला.

सकाळी वैमानिक विमानात चढत असताना साहेबांना तो कोरा पाना दिसला. त्यांनी वैमानिकाला थांबवलं, इंजिनात कोपरापर्यंत हात घातला आणि माझा जुना पाना बाहेर काढला. तेवढ्यात कमांडर आले.

"कोणाचा हा?"

"माझा. काल विसरलो," साहेब म्हणाले.

कमांडर गेल्यावर मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "साहेब, माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तुझी नोकरी गेली असती, नियामत. मला काढून पाठवणार कुठे? स्वतःचा देश मला राखता आला नाही ना."

हे ते उर्दूत म्हणाले.