दम खाण्यापुरती कोरी ओळ

“यावर विश्वास ठेवणारा माणूस अजून जन्मायचाय,” टीममधल्या सगळ्यात जुन्या काकांनी सुरुवातीलाच ठणकावलं. “म्हणून तर सांगतो.”

मॅनेजरबाईंचा हात माऊसवरच थांबला. एक बटण दाबलं की सगळ्या टीमचा कोड एका साच्यात बसणार होता. सारखे समास, सारख्या मोकळ्या जागा, जणू एकाच हाताने लिहिलेला. शिस्तीबाहेर उरली होती एकच फाइल. वकिलाची.

वकील हे त्याचं टोपणनाव, स्वल्पविरामासाठीसुद्धा भांडायचा. सगळे ओळीच्या शेवटी देतात तो स्वल्पविराम हा पठ्ठ्या पुढच्या ओळीच्या तोंडाशी द्यायचा. चार ओळी झाल्या की एक कोरी सोडायचा. “दम खायला,” म्हणायचा. जिनाही तसाच थांबत थांबत चढायचा. गेल्या हिवाळ्यात तो गेला. आता त्याची मुलगी याच टीममध्ये, त्याच्याच खुर्चीत बसत होती.

“दोनदा सरळ केली ती फाइल. दोन्ही वेळा सकाळी बघावं तर होती तश्शी! आणि बदल कुणाच्या नावावर? वकिलाच्या!”

“काका, काहीतरीच हं!” बाई हसल्या. पण बटण काही दाबलं नाही.

इथवर सगळं खरं होतं. ते नाव काकांनीही स्क्रीनवर दोनदा वाचून पाहिलं होतं. पण नुसतं खरं सांगून मॅनेजर ऐकते होय? मित्राचं वळण तेवढ्याच फाइलीत उरलं होतं. ते वाचवायचं तर थोडं पदरचं घालणं भाग होतं.

“मी डोळ्यांनी पाहिलाय त्याला,” काकांनी आवाज उतरवला. “त्या सकाळी सगळ्यांच्या आधी आलो होतो. त्या तिथे, खुर्चीत. तोच करडा स्वेटर. छाती नुसती भात्यासारखी हलत होती. चार ओळी लिहायचा आणि टेबल धरून धापा टाकायचा. पुन्हा लिहायचा. मेल्यावरही बिचाऱ्याचा दमा सुटला नाही हो!”

बाईंनी माऊसवरचा हात हळूच काढून घेतला. जिंकलो, काकांच्या मनात आलं.

“खोटं!”

मुलगी उभी राहिली होती.

“साफ खोटं बोलताय, काका. बाबांना आता कसलीही धाप लागत नाही. खुर्चीत कुणी नव्हतं. ती फाइल मी बदलते, घरून, त्यांच्या पासवर्डने.” तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. “दम खायला कोरी ओळ आता लागत नाही त्यांना. मॅडम, दाबा तुम्ही बटण.”