कासवाच्या बारा चिठ्ठ्या

सातवी चिठ्ठीही अबोलीनंच शोधली. संत्र्याच्या खालच्या फांदीला लाल दोऱ्यानं बांधलेला कागद तिनं सोडवला, उभ्या उभ्या घडाघडा वाचला आणि पुढच्या झाडाकडे पळाली. ती दुसरीत होती. तिचा दादा गौरांग चौथीत. तो बागेच्या बांधावर सगळ्यांकडे पाठ करून बसला होता.

अश्लेषा, त्यांची आई, झाडाखालून त्याच्याकडे बघत होती. ही सारी मांडामांड तिनं त्याच्यासाठीच केली होती. अमरावतीच्या शाळेत ती पंधरा वर्षं मराठी शिकवत होती आणि तिच्या पोटच्या पोराला धड वाचता येत नव्हतं. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' त्याच्या डोळ्यांपुढे जागा बदलत. रोज थोडं वाचून घ्या, वेळ लागेल पण जमेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण दिवाळीच्या आधी वर्गात त्याला उभं राहून धडा वाचावा लागला. सगळी मुलं हसली. तेव्हापासून दीड महिना त्यानं पुस्तक उघडलं नव्हतं.

चार भिंतींत वाचत नाही, तर मोकळ्यावर वाचेल, असं तिला वाटलं. नवऱ्याच्या, सौमित्रच्या वकिलीमुळे गोवर्धनभाऊंची ओळख होती. त्यांची ही बाग. विहिरीत राहणाऱ्या कासवाची एक गोष्ट अश्लेषानं स्वतः लिहिली, तिचे बारा तुकडे केले आणि सकाळी सकाळी बारा झाडांना बांधले. मुलं हुंदडतील, शोधतील, वाचतील. रविवार सत्कारणी लागेल.

"आई, बारा झाल्या," अबोली धापा टाकत म्हणाली. "आता?"

"आता दादाला दे. तो वाचेल."

गौरांगनं हात पुढे केला नाही. अबोलीनं चिठ्ठ्या क्रमानं लावून त्याच्या शेजारी ठेवल्या, त्यावर एक संत्रं ठेवलं आणि ती बाबाकडे गेली. सौमित्रनं लांबूनच अश्लेषाला खुणावलं, राहू दे. तिनं मान खाली घातली आणि डबे उघडायला घेतले.

थोड्या अंतरावर गोवर्धनभाऊंच्या पत्नी माणिकबाई पाच-सहा बायांसोबत संत्री निवडून कॅरेटमध्ये भरत होत्या. त्या उठल्या. पदराला हात पुसत बांधावर आल्या आणि गौरांगच्या शेजारी बसल्या. त्यांनी वरची चिठ्ठी उचलून उलटीसुलटी पाहिली.

"बाबू, यात का लिवलं हाय?"

"मला नीट येत नाही वाचता," गौरांग म्हणाला. "अबोलीला सांगा."

"तिचं आयकलं मी मघाशी. भरभर वाचते पोरगी. आमच्या घरीबी सारे तसेच वाचतेत. मले काईच समजत नाही. मी शाळा पायली नाही ना." त्यांनी चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. "तू सावकाश वाच. मले काई घाई नाही."

गौरांगनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग कागदाकडे.

"ए-का... खोल... वि-हि-रीत... एक कासव... राहत होतं."

"हं."

"विहीर हेच... त्याचं... धर..."

"धर? धर म्हंजे का?"

तो पुन्हा कागदावर वाकला. बोट अक्षरावर टेकवलं. कोणी हसलं नाही. माणिकबाई खरंच अर्थाची वाट बघत होत्या.

"घर," तो म्हणाला. "विहीर हेच त्याचं घर."

"आता समजलं. मंग?"

अश्लेषा डबा हातात धरून तशीच उभी राहिली. एकेका चिठ्ठीला दोन-दोन, तीन-तीन मिनिटं लागत होती. कासवाला वर ऊन असतं हे ठाऊक नव्हतं. दुपारी बाराला पाण्यावर एक सोन्याची टिकली येई आणि निघून जाई, ती कुठून येते हे शोधायला ते निघालं होतं. कॅरेटपाशी बसलेल्या बायांचे हात थांबले. अबोलीसुद्धा बाबाच्या मांडीवर कान देऊन बसली. बारावी चिठ्ठी संपली तेव्हा गौरांगच्या कपाळावर घाम होता.

"संपली," तो म्हणाला.

माणिकबाईंनी पदर सारखा केला. मग बायांकडे वळल्या. "नीट आयकू आलं नसंन तुमाले. सांगतो."

आणि त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. एका खोल विहिरीत एक कासव राहत होतं. विहीर हेच त्याचं घर. स्वतःच्या बोलीत नव्हे, चिठ्ठीतल्या शब्दांत, पहिल्यापासून. एक ओळ गळली नाही. अश्लेषानं हातातला डबा खाली ठेवला. गोष्ट तिची होती, चार वेळा खोडून तिनं ती लिहिली होती, तरी कागदाशिवाय तिला ती अशी सांगता आली नसती. गौरांग जिथं जिथं अडखळला होता तिथं तिथं माणिकबाई थांबत होत्या. त्या थांबण्यात बाया श्वास रोखत होत्या. अश्लेषानं लिहिलेल्या गोष्टीत कुठंच नव्हती अशी एक ओढ तिथं तयार होत होती, आणि ती तिच्या मुलाच्या अडखळण्यातून आली होती.

गोष्ट संपली. बाया पुन्हा संत्री निवडू लागल्या.

गौरांग बांधावरून उतरला. आईजवळ आला आणि माणिकबाईंकडे बघत, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "आई, पुढच्या रविवारी जाड पुस्तक आणू. एवढंसं त्यांना एकदा ऐकूनच पाठ होतं."