तन्वीचा श्वास

पाच महिन्यांची तन्वी दुपारी झोळीत झोपली की बोईसरच्या त्या दोन खोल्यांत रूपल आपली गाणी करायची. कुठलाही आवाज घ्यायचा, लॅपटॉपवर बारीक चिरायचा आणि ते तुकडे पिसाट तालावर उधळायचे. जगभरात मिळून चाळीस माणसं ते ऐकत असतील.

"काय गो, मिक्सरात खडे घातलंस का?" नवापूरहून आलेली सासू स्वयंपाकघरातून म्हणाली.

"गाणं हाय आई, गाणं!" रूपल हसली.

आज तिनं लेकीचा श्वासच चिरला होता. सकाळी झोळीशी फोन धरून टिपलेला, इवलासा श्वास. तिनं गाणं सुरू केलं. श्वास अडखळला, सोळा वेळा पटपट उडाला, थबकला, पुन्हा धावत सुटला.

झोळीही तशीच थरथरत होती.

रूपल वाकली. तन्वी गाढ झोपेत होती. छाती मात्र सोळा वेळा पटपट उडाली आणि थबकली. घाबरून रूपलनं गाणं थांबवलं. छाती हललीच नाही. तिनं झडप घालून गाणं परत लावलं, तेव्हा हलली.

तिनं लेकीला उचललं, थोपटलं, कानात नाव घेतलं. ती उठेना. मग एका हातानं तिनं गाणं न संपता फिरत राहील असं लावलं आणि लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"अजून तेच चाललंय? पोर उठंल ना गो," म्हणत सासूनं पदराला हात पुसले आणि लॅपटॉप मिटला.