जखमी कुत्र्याचा आवाज

युद्धातल्या शूर प्राण्यांवरच्या त्या विनोदी कार्टूनपटात आवाजांचं काम माझं होतं, म्हणून आमचा कुत्रा गुंड्या सोडून सगळं घर पहिल्याच खेळाला आलं. कबुतर सेनापतीच्या टोपीवर बसलं तेव्हा माणसं पोट धरून हसली. मग कुत्र्याच्या पायात गोळी घुसली, तो विव्हळला आणि थिएटर चिडीचूप झालं.

"जावईबापू, किती हुबेहूब आवाज काढलात हो!" सासूबाईंनी डोळे पुसले. "घसा आहे की जादू?"

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

माझी लेक मात्र पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.



"बाबा, हा तर आपला गुंड्या रडतोय. तू काय केलं होतंस त्याला?"