दुपारी पाणी नको

"अगं, पानांवर नको, बुडाशी! आंघोळ नाही घालायची त्याला."

शीतलने तांब्या मागे घेतला. रविवारची दुपार होती. खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंडीतलं तंबाखूचं झाड उन्हात मान टाकून उभं होतं. हातभर लांब पानं लुळी पडली होती. दया येऊन ती पाणी घालायला गेली, तर शिवदास हातातला पेपर टाकून मागोमाग आले.

"बाबा, मरायला टेकलंय हे."

"काही मरत नाही. ऊन झालं की पानं खाली सोडतं, तेवढंच. दुपारी पाणी नको. सकाळी उठल्यावरही असंच दिसलं, तर तहान समजायची." त्यांनी मातीत पेरभर बोट खुपसलं आणि काढून तिला दाखवलं. "ही बघ, ओली आहे. वरची माती सुकली की कडेकडेने घालायचं, सावकाश, खालून ठिबकेपर्यंत. आणि थाळीत उतरलेलं पाणी ओतून टाकायचं. पाय पाण्यात ठेवून झोपतेस का तू?"

"अख्ख्या बिल्डिंगमध्ये लोकांकडे गुलाब आहेत, मोगरे आहेत. आपल्याकडे तंबाखू! सोडलीत ना तुम्ही?"

"सोडली ना. काडीमोड झालाय आमचा. म्हणून काय तिची ख्यालीखुशालीही विचारायची नाही?"

शीतल हसत आत गेली. संध्याकाळी झाडाकडे बघायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. भाजी निवडायची होती, कपड्यांना इस्त्री करायची होती. दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं.

सोमवारी सकाळी शिवदास उठले नाहीत.

जलदान विधीला मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. बौद्धाचार्य वंदना घेऊन गेले, जेवणं झाली, आणि मंडळी भिंतीला टेकून बसली. ऊन ग्रिलवर आलं तसं झाडाने मान टाकली. ते आधी शिवदासांच्या बहिणीला, लताआत्याला दिसलं.

"बघा गं बाई. मुक्या झाडालासुद्धा कळलं माझा भाऊ गेला ते." तिने डोळ्यांना पदर लावला आणि पेल्यातलं पाणी कुंडीत घातलं. तिचं बघून शेजारच्या माधुरीताई उठल्या. मग दशरथकाका बाटली घेऊन आले. मरोळच्या कंपनीत त्यांचं आणि शिवदासांचं मशीन शेजारी शेजारी होतं. मग कोणी मागे राहिलंच नाही. दोन थेंब म्हणत जो तो पेलाभर घालत होता. थाळी भरली आणि पाणी फरशीवर आलं.

शीतल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गेले काही दिवस रोज सकाळी ती मातीत बोट घालून बघत होती. खसखशीहून बारीक बी बाबांनी गावाहून आणलं होतं, रुजवलं होतं. ते जगवायचं एवढं एकच काम तिच्या हाती उरलं होतं, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत बुडत होतं. पण रडून रडून डोळे सुजलेल्या माणसांना, आजच्या दिवशी, नको कसं म्हणायचं?

दशरथकाका बाटली पुन्हा भरून आले, तेव्हा तिने मध्ये हात घातला.

"नको काका. पुरे."

तिने कुंडी उचलली, मोरीत नेली आणि तिरपी केली. गढूळ पाणी वाहून गेलं.

"अगं ए! लोकांनी मायेनं घातलेलं पाणी ओततेस?" लताआत्याचा आवाज चढला. "डोळ्यांत टिपूस नाही पोरीच्या. पुस्तकं वाचून वाचून दगड झालीय नुसती."

"मुळं कुजतील आत्या. तहान नाही लागलेली त्याला, ऊन लागलंय."

"कोणी सांगितलं तुला?"

"बाबांनी."

शीतलने उरलेलं पाणी निथळू दिलं, थाळी पुसली आणि कुंडी पुन्हा ग्रिलमध्ये ठेवली. आत्या तोंड फिरवून बसली.

चहाच्या वेळेपर्यंत बरीच माणसं निघून गेली. ऊन उतरलं. आधी शेंड्याची पानं हलकी झाली, मग मधली एकेक करून वर आली. आत्या कप तसाच हातात धरून बघत राहिली.

"आलं की गं वर," ती म्हणाली, आणि सतरंजीवर थोडी सरकली. शीतल तिच्या शेजारी जाऊन बसली.

दशरथकाकाही झाडाकडेच बघत होते. "जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे मळायचो. शिवा आपला हाताची घडी घालून बसायचा. म्हणायचा, पोरीला शब्द दिलाय, घरी गेलो की तोंडाचा वास घेते. एवढ्या वर्षांत एकदासुद्धा तोंडात टाकली नाही पठ्ठ्याने."

शीतलला हसू आलं.

"टाकायचे, काका."

"कोण, शिवा? छ्या!"

"एखाद्या दिवशी यायचा वास."

काका ओशाळले. कप खाली ठेवून त्यांनी डोकं खाजवलं. "म्हणजे... कधीतरी मीच आग्रह करायचो. पण त्याला वाटायचं, तुला कळलं नाही."

"मग बोलली का नाहीस त्याला?" आत्याने विचारलं.

शीतल खिडकीकडे बघत होती.

"दुसऱ्या दिवशी यायचा नाही," ती म्हणाली.